दुबार

वर्गात माझ्याच नावाची आणखी एक मुलगी आहे. मी प्रवेश उशिरा घेतला म्हणून कॉलेजात मला सगळे ‘दुसरी’ म्हणतात. सर एकदाच नाव पुकारतात, ती ‘हजर’ म्हणते आणि माझी गैरहजेरी लागते. मग मी भांडते. भांडणं हा माझा जोडधंदाच आहे म्हणा ना.

दूरच्या त्या युद्धात मेलेल्या मुलांची नावं कॉलेजच्या पायऱ्यांवर मोठ्याने वाचायची, एवढंच आम्हाला करायचं होतं. त्यासाठी पंधरा दिवस हेलपाटे घातले. प्राचार्य म्हणाले, लढाई तिकडे, तुमच्या पोटात इकडे का दुखतंय? हेडक्लार्कबाईंनी अर्ज तीनदा परत केला आणि शेवटी त्यावर ‘सांस्कृतिक कार्यक्रम’ असं लिहायला लावलं. लाज वाटली, पण अडला हरी! लिहिलं. वेळ मिळाली दुपारी एक ते दीड. दीडला माईक बंद म्हणजे बंद.

नावं होती पाचशे चाळीस. माझी मैत्रीण चष्मिस, तिने प्रत्येक मुलाची वेगळी चिठ्ठी हाताने लिहिली, नाव आणि वय. वाचायची यादी कॉम्प्युटरवर मी केली. सकाळी एका ऑफिसात मी मतदारयाद्या तपासायचं काम करते, त्यामुळे यादी दिसली की माझे हात आपोआप चालतात.

आदल्या दिवशी दोनशे जणांनी येतो म्हटलं होतं. आले तीसेक, त्यातले निम्मे सावली होती म्हणून बसलेले. एकाने विचारलं, बक्षीस आहे का? असा संताप आला, पण घड्याळ पळत होतं. मी नाव वाचायची, चष्मिस ती चिठ्ठी पायरीवर खड्याखाली ठेवायची. शेवटचं नाव वाचलं तेव्हा दीडला दोन मिनिटं बाकी होती. जमलं बाई एकदाचं, म्हणून मी वळले, तर चष्मिसच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच.

ती म्हणाली, “ही मुलं राहिली ना. मला वाटलं, तू शेवटी वाचशील.”

गठ्ठ्यात वरच्या चार चिठ्ठ्यांवर एकच नाव होतं. तेच नाव मी मघाशी वाचलं होतं. वयं मात्र वेगळी. नाव पुन्हा आलं की दुबार समजून काढायचं, ही माझी रोजची सवय. त्रेचाळीस मुलं मी एका बटणाने उडवली होती. आणि मी, जी हजेरीवरून वर्षभर सरांशी भांडते! स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

माईकवाला वायर गुंडाळू लागला. मी हातापाया पडले, तरी त्याने परवानगीच्या कागदाकडे बोट दाखवलं. लोक उठले. मी तशीच, घसा ताणून, पहिली चिठ्ठी वाचली. तेवढ्यात कागदावर सही घ्यायला हेडक्लार्कबाई आल्या.

“हे नाव झालंय की,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः ऐकलंय.”

“तो नऊ वर्षांचा होता, बाई. हा दुसरा.”

मी पुढची चिठ्ठी घेतली. नाव तेच, वय दोन महिने.