घरच्या माणसाला फोन

मला हाडंच हवी होती. आईचं म्हणणं, बाईमाणसाला बाळंतपणं बरी. माझं गुपित ठाऊक असलेली मामेबहीण, स्वतः त्वचेची डॉक्टर, म्हणाली, "स्त्रीरोग नकोच बाई, उद्या कुणी काही बोललं तर? माझ्यासारखी त्वचा घे. तिथे कुणी खोलात शिरत नाही." मला हसू आलं आणि रागही आला. निसटलेला खांदा खटकन जागेवर बसवण्यातलं सुख मलमं लिहून देण्यात कुठून येणार?

अस्थिरोग विभागात तीन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणाची जागा एकच होती आणि आमच्या सरांची रीत जगावेगळी. प्रवेशाच्या अर्जावर सही करण्याआधी ते उमेदवाराच्या घरी फोन लावत, तोही स्पीकरवर, सगळ्या विभागासमोर. नवरा असो, बायको असो, जे कुणी रोज वाट बघतं त्याला. घरचं माणूस तयार नसेल तर डॉक्टर अर्ध्यातच पळ काढतो, हा त्यांचा अनुभव.

आईचा नंबर देऊन सुटता आलं असतं. पण मग तीन वर्षं थापा मारत बसायचं, आणि थाप मारताना माझे कान लाल होतात. मी मास्तरणीचा नंबर दिला. ती शाळेत गणित शिकवते आणि चार वर्षं आम्ही दोघी एकत्र संसार करतोय. तिला आधी कळवायला मात्र वेळ मिळाला नाही.

सरांनी विचारलं, "आपण डॉक्टरांच्या कोण?"

"मावसबहीण," मास्तरीण सवयीनं म्हणाली. घरमालक, शेजारी, दूधवाला, सगळ्यांना आम्ही हेच सांगत आलो होतो.

"मावसबहीण नको, घरचं माणूस द्या," म्हणत सरांनी पेन खाली ठेवलं.

हातची जागा चालली होती. मी फोनवर वाकले. "अगं, खरं सांग. मला इथे खोटं घेऊन यायचं नाहीये."

सिस्टर उगाचच प्लास्टरचे रोल नीट लावू लागल्या.

"मी तिची जोडीदार," आवाज आला, वर्गात असतो तसा खणखणीत. "बोला."

सरांनी घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकवतात तेच ऐकवलं. "तीन वर्षं तुमचं माणूस आमचं. जेवण थंड होणार, वाढदिवस बुडणार. कबूल?"

"नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ माझी."

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. आजवर त्या फोनवर सगळे निमूट हो म्हणत आले होते. त्यांनी पेन उचललं, सही ठोकली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोणती संध्याकाळ ते विचार तिला. मला ड्यूट्या लावायच्यात."