चिठ्ठीवरचं ‘साफ’

धुलाईच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेल्या बाईला ‘साफ’ या शब्दाची भीती वाटायचं काय कारण? दिवसातून शंभरदा तो तिच्या तोंडी. कॉलर साफ, बाही साफ, डाग साफ. पण त्याच शब्दाने तिचं घर असं धुऊन काढलं, की पिळायलाही काही उरलं नाही.

तिचा धाकटा भाऊ पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटरच म्हणत. तीस वर्षं शिडीवर चढून दुकानांच्या कपाळावर अक्षरं काढली आणि एके दिवशी शिडीने दगा दिला. कमरेखालचं शरीर गेलं. हात तेवढे शाबूत राहिले. तो पलंगावर पडून होता त्याच काळात त्याच्या गल्लीतल्या पाट्या एकेक करून उतरल्या आणि त्यांच्या जागी छापील फ्लेक्स चढले. कोणी मुद्दाम सांगितलं नाही, पण बातमी कानावर यायची ती आलीच. त्या दिवशी त्याने ताटाला हात लावला नाही.

मग दूर नोकरीला असलेल्या त्याच्या लेकीने तिचा जुना हेडसेट पाठवला. डोळ्यांवर चढवायचा, मागून पट्टा आवळायचा, दोन्ही हातांत बटणांच्या दोन मुठी धरायच्या. तिने तो खेळायला घेतला होता, पण घातला की तिला गरगरायचं. पेंटरने त्याचं नाव ठेवलं ‘डबा’. पहिले चार दिवस डब्यात भुतं मारली. पाचव्या दिवशी म्हणाला, “ताई, ही भुतं माझ्यापेक्षा बरी, उभी तरी राहतात!” मग त्याला त्यात हवेत रंगवायचा एक खेळ सापडला, आणि भुतं सुटली.

आठ महिने. सकाळी चहा झाला की डबा चढायचा, दुपारी उतरायचा. पलंगावर बसल्या बसल्या त्याचा हात हवेत फिरायचा. वळण घ्यायचा, थांबायचा, पुन्हा मागे येऊन वेलांटी जाड करायचा. डब्यात त्याने आपली अख्खी गल्ली उभी केली होती. एक्केचाळीस दुकानं, एक्केचाळीस पाट्या, प्रत्येक त्याच्या स्वतःच्या अक्षरात. बाहेर त्यांतली एकही उरली नव्हती. होती ती तेवढी आत.

एकदा त्याने तिच्याही डोक्यावर डबा चढवला. “पुढे बघ, डावीकडे.” डावीकडे तिचंच दुकान होतं. ‘धुलाई’मधल्या धुच्या उकारातून पाण्याचा थेंब लोंबकळत होता. तिने तो झेलायला हात पुढे केला आणि पाण्याचा तांब्या लवंडला. दोघं भावंडं पोट धरून हसली.

आता चूक कुठे झाली ते ऐका.

डब्याच्या काचा तेलकट झाल्या होत्या. कपाळाचा घाम, केसांचं तेल. पेंटर कुरकुरायचा, “धुक्यात रंगवतोय मी.” ताईच्या मनात आलं, आपण डाग काढणारी माणसं, आणि आपल्याच घरात ही कळकट काच? शेजाऱ्यांनी त्याला रिक्षाने व्यायामाच्या बाईंकडे नेलं होतं, तेवढ्यात तिने डबा पिशवीत घातला आणि हेडसेट विकणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या दुकानात नेला. त्याला म्हटलं नाही. आल्यावर लख्ख काच बघून खूष होईल, असा बेत.

काउंटरवरच्या बाईने मान वर न करता विचारलं, “काय करायचंय?”

“साफ करून द्या.”

“पूर्ण साफ?”

“मग काय अर्धं? चांगलं स्वच्छ, कानाकोपऱ्यातून साफ!”

“इथे सही करा, मावशी.”

तिने केली. चिठ्ठीवर एकच शब्द होता, साफ. तिच्या स्वतःच्या दुकानातल्या चिठ्ठीवर असतो, अगदी तसाच.

दोन दिवस ‘थांब, गंमत आहे’ म्हणत तिने त्याला थोपवलं, मग डबा घरी आला. काच अशी चकाकत होती की आरसा लाजावा. पेंटरने हसत चढवला. हसू तसंच राहिलं, मग हळूहळू वितळलं. त्याने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मूठ दाबली, पुन्हा दाबली. आत एक गोड आवाज त्याला म्हणत होता, ‘नमस्कार! आपलं नाव सांगा, सुरुवात करू या.’

त्याने डबा काढून मांडीवर ठेवला.

“ताई, मला पुसलंस का?”

त्यांच्या घरात ‘विचारणं’ हा शब्द नव्हताच. आजोबा पुसायचे, आई पुसायची, ही दोघंही पुसत. पण त्या क्षणी तिला वाटलं, तो फडक्याचं बोलतोय. “हो रे, पुसूनच आणलं,” ती कौतुकाने म्हणाली. आणि त्याचा चेहरा बघून तिला उमजलं की तो काय पुसत होता.

मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तासाभरात ती काउंटरसमोर उभी होती. “आतली गल्ली कुठाय?”

बाईने चिठ्ठी काढली. “तुम्हीच साफ म्हणालात, मावशी. इथे साफ म्हणजे आतलं सगळं उडवणं. लोक जुना हेडसेट विकताना करून घेतात.”

“आणि काच पुसायची असेल तर?”

“त्याला आम्ही काच मारणं म्हणतो.”

“मारणं!” ती ओरडली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. “काच पुसायला मारणं आणि माणसाचे आठ महिने मारायला साफ? कुठून आणली ही भाषा?”

आवाज ऐकून आतून मालक आले. इस्त्रीची घडी मोडलेली नाही असा शर्ट. घडी कोणाच्या बोटांनी घातली तेही दिसावं, इतकी तिची नजर तयार. “काकू, सही तुमची आहे. आणि ढगात ठेवलेलं असेलच की सगळं.”

“कुठल्या ढगात? आमच्या छपरावर कुठला ढग थांबला नाही.”

“म्हणजे इंटरनेटवर साठवायचं असतं. ते तुम्ही केलं नसेल, तर मग...” त्यांनी खांदे उडवले. “असं करतो, डोळ्यांभोवतीची नवीन गादी देतो. फुकट.”

गादी! पलंगावर खिळलेल्या माणसाला हा गादी देतोय. तिने काउंटरवर हात आपटला.

“ऐका मालक. माझ्याकडे कपडा आला की पाण्यात जायच्या आधी मी खिसा तपासते. चाळीस वर्षं. फाटकं तिकीट निघो, अर्धी गोळी निघो, पिशवीत घालून परत देते. एकदा एकाच्या खिशात चिठ्ठी सापडली, मी वाचलीसुद्धा नाही, हातात ठेवली. तुमच्याकडे माझ्या भावाच्या खिशात अख्खी गल्ली होती. एकाने तरी खिसा चाचपायचा होता! ‘मावशी, आत काहीतरी आहे, राहू द्यायचं का?’ एवढं पुसायला जीभ झिजली असती?”

“रोज साठ येतात, काकू. प्रत्येकाला काय विचारत बसायचं?”

“माझ्याकडे रोज दोनशे येतात!”

मालकांनी पुढची चिठ्ठी उचलली. ओरडून गल्ली परत येत नव्हती, हे तिलाही कळत होतं. ती घरी निघाली. वाटेत तिचा राग तिच्याच पायांत अडखळत होता. खिसा न तपासणारे ते होतेच, पण ज्याचा कपडा त्याला न पुसता तो धुवायला टाकणारी कोण? देवा, हा राग कोणाच्या अंगावर घालू?

पेंटर दोन दिवस बोलला नाही. तिने केलेलं जेवला, पण भिंतीकडे बघून. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला, “माळ्यावर पत्रा असेल. काळा रंग, पांढरा रंग. सहा नंबरचा ब्रश.”

शिडीवरून पडल्यापासून त्याने खऱ्या रंगाचं नाव काढलं नव्हतं. रंगाचा डबा वाळला होता, झाकण सुरीने उचकटावं लागलं. कुशीवर वळून, एका कोपरावर भार टाकून, दात खात तो रंगवत होता. राग होता, पण अक्षर बिघडलं नाही. पत्र्यावर उमटलं, ‘पुसण्याआधी पुसा.’ दोन्ही ‘पु’ सारखे, मात्र दुसऱ्याच्या उकारातून एक थेंब लोंबकळत होता.

रंग पुरता वाळायच्या आतच ती पत्रा घेऊन दुकानात गेली. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता. कॅलेंडर काढून तिने काउंटरवर ठेवलं आणि पाटी टांगली.

“हे काय आता?” मालक म्हणाले. “काढा ते. आणि लिहिलंय तरी काय? दोनदा पुसायचं?”

“पहिलं पुसणं फडक्याचं, दुसरं तोंडाचं. हात लावून बघा काढायला. रंग ओला आहे, शर्टाला लागेल. आणि तो डाग मी काढणार नाही.”

मालकांनी शर्टाकडे बघितलं. हात खिशात घातला.

रांगेत पुढे एक आडदांड माणूस उभा होता, त्याच्या हातात हेडसेट. “साफ करायचाय,” तो म्हणाला. काउंटरवरच्या बाईने सवयीने पेन उचललं. तिची नजर पाटीवर गेली. पेन थांबलं.

“दादा, काच पुसायची की आतलं सगळं?”

“आतलं?” तो माणूस केवढ्याने तरी ओरडला. “आतलं कशाला? दीड वर्ष खेळतोय, शेवटच्या दारापर्यंत आलोय मी!” त्याने हेडसेट छातीशी धरला. “तुम्ही आतलं पुसता?”

काउंटरची बाई त्या धुलाईवालीकडे बघू शकली नाही.

ताईला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. एका प्रश्नाचं काम होतं. एवढाच प्रश्न, एवढाच वेळ. तो आज विचारला गेला, आणि पाच दिवसांपूर्वी नाही. तिला आणखीच चीड आली.

घरी आली तर पेंटर पलंगावर तसाच. बोटांना पांढरा रंग.

“लावलीस?”

“लावली.”

“वाचली कोणी?”

“वाचली एकीने. आणि एक वाचला.”

स्टुलावर डबा पडला होता, काचेवर तीन दिवसांची धूळ. तिने खांद्यावरचं मऊ फडकं काढलं, डबा उचलला, आणि हात अधांतरी थांबवला.

“काच पुसू का रे?”

“आता पुसतेस होय!” तो खेकसला. इतक्या जोरात, की शेजारचं दार उघडल्याचा आवाज आला. ती फडकं धरून तशीच उभी राहिली, मान खाली घालून नाही, त्याच्या डोळ्यांत बघत.

शेवटी तो म्हणाला, “पूस. आणि गल्लीच्या तोंडाशी पहिलं दुकान कोणतं होतं ते सांग. मला आठवतंय. पण तू सांग.”