आईनं न दिलेलं मत

१९३४ साली तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या तिथल्या मराठी लोकांच्या मुलींची एक लहानशी शाळा होती. तिथल्या मराठी वर्गाला शिक्षिका हवी होती. अर्ज दोनच आले. एक माझा, वसुमतीचा, आणि दुसरा कुंभकोणमच्या राजमचा. दोघीही तिरुचिरापल्लीला शिक्षिकेची परीक्षा पास झालेल्या.

शाळेची समिती पाच जणांची. त्यांत एकटी बाई म्हणजे माझी आई, सीतालक्ष्मी. बाबा गेल्यावर तिनं आमच्या गल्लीतल्या बायकांना दुपारच्या वेळी जमवून लिहावाचायला शिकवलं होतं, म्हणून तिला समितीवर घेतलं होतं. नियम असा होता, की सभेला पाचही जण हजर हवेत आणि नेमणुकीला त्यांतल्या तिघांची मतं हवीत.

"आता कसली काळजी?" शेजारच्या जयलक्ष्मीमावशी मला म्हणाल्या. "आईच आत बसलीय."

मलाही तसंच वाटत होतं.

सभेच्या दिवशी राजम आणि मी शाळेच्या ओट्यावर एकाच बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. अध्यक्ष हनुमंतराव वकील होते. त्यांनी माझं नाव पुकारलं आणि स्वतःचा हात वर केला. निवृत्त तहसीलदार तुळजाराम यांनीही केला. उरलेल्या दोघांनी नकार दिला. मग सगळे आईकडे पाहू लागले.

"मी मत देणार नाही," आई म्हणाली.

"म्हणजे विरोध?"

"विरोध नाही. ती माझी मुलगी आहे. तिच्या बाबतीत मला बाजू घेता येत नाही. बाजूनंही नाही, विरुद्धही नाही."

कारकून शेषाद्रीची लेखणी थांबली. "अम्मा, वहीत दोनच रकाने आहेत," तो म्हणाला.

"मग तिसरा आखा."

हनुमंतराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "सीताबाई, आपल्यात मौन म्हणजे संमती म्हणतात. तुम्ही नुसत्या गप्प बसा. तुमचं मत मी बाजूनं धरतो."

"ते लग्नात मुलीला म्हणतात," आई म्हणाली. "आणि तिथंही ते पुष्कळदा खोटंच असतं. मी गप्प बसलेले नाही. मत देत नाही असं तोंडानं सांगतेय, ते तसंच लिहा."

ओट्यावर मी खाली मान घातली. राजमनं माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी आजही तिची आभारी आहे.

"मग बाहेर तरी जा," तुळजाराम वैतागून म्हणाले.

"मी गेले तर चारच राहतील. सभा मोडेल. पुढची सभा दोन महिन्यांनी, तोवर मुलींना शिकवणार कोण? मी बसणार."

हनुमंतरावांचा आवाज खाली आला. "पण मग तीन मतं होत नाहीत. तुम्ही मत न देणं म्हणजे वसूच्या विरुद्ध देण्यासारखंच आहे. हे ध्यानात आलंय ना तुमच्या?"

"आलंय. काल सबंध दिवस तोच हिशेब करत होते," आई म्हणाली.

त्यानंतर राजमचं नाव निघालं. माझ्या विरुद्ध गेलेल्या दोघांनी हात वर केले. आई पुन्हा म्हणाली, "मी तटस्थ. एकीला नाही म्हटल्यावर दुसरीला हो म्हणणं, तेही बाजू घेणंच." हनुमंतरावांनी वहीतल्या तारखेकडे पाहिलं. सोमवारी वर्ग भरायचा होता. शेवटी त्यांनी राजमसाठी हात वर केला आणि तिची नेमणूक झाली.

वाटेत मी आईच्या चार पावलं पुढे चालले. घरी तिनं सार-भात वाढला, मी जेवले नाही.

"तुला माझ्याहून राजम बरी वाटते का?" मी विचारलं.

"नाही. तू बरी आहेस. मला ठाऊक आहे."

"मग?"

"मला ठाऊक आहे म्हणून मुलीला नोकरी लागली, असं व्हायला नको होतं, वसू. जन्मभर तुला कोणीतरी ते ऐकवलं असतं, आणि तुझ्याकडे उत्तर नसतं."

मला ते पटलं नाही. आठ दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. तीही समजूत घालायला आली नाही. सकाळी माझी कापी, म्हणजे कॉफी, तेवढी झाकून ठेवायची.

पुढच्या वर्षी ओरत्तनाडूच्या शाळेत जागा निघाली. तिथं उमेदवारांना वर्गावर उभं करून पारखत. मी पन्नास मुलींना अर्धा तास गणित शिकवलं. तपासायला आलेले गृहस्थ उठायचं विसरून मागच्या बाकावर बसून राहिले. जागा मला मिळाली.

रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापक रघुपती नायडू मला न्याहाळत म्हणाले, "तंजावूरच्या मराठ्यांपैकी ना तुम्ही? मागे तिथल्या एका बाईंची गोष्ट ऐकली होती. समितीत बसून पोटच्या मुलीला मत दिलं नाही म्हणे. आमच्या बोर्डात चार दिवस तीच चर्चा होती. तेव्हापासून आमच्याकडेही नातेवाइकाचं नाव आलं की माणूस मत देत नाही, आणि वहीत तसं लिहूनही ठेवतात. ओळखता का त्यांना?"

मी पाठ ताठ केली. मग म्हणाले, "ती न दिलेल्या मताची मुलगी मीच."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. मी त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होते. तो मान माझा नव्हता, हे मला कळत होतं.