पठारावरचा भाव

तिने गाडीतून फोडलेल्या लाकडाचे दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. खणखणीत आवाज आला. ओलं लाकूड असं वाजत नाही, हे बेकरीवाल्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने पिठाचे हात ॲप्रनला पुसत मान हलवली आणि आत ओल आहे, क्विंटलला चारशेच्या वर परवडायचं नाही, असं सांगितलं. तिचा नवराही चारशेच घ्यायचा, अशी पुस्तीही जोडली.

"इतक्या वर्षांचा व्यवहार आहे, वहिनी. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

तिने ड्रायव्हरकडे पाहिलं. तो काचेवरची धूळ पुसत होता.

"मला नका विचारू," तो म्हणाला. "मी कधी स्टिअरिंग सोडून खाली उतरलोच नाही."

दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा वखारीत चालता चालता खाली बसला होता, तो स्वतःहून उठला नाही. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तीस वर्षं त्याने कोणत्या गावात काय भाव घ्यायचा ते कधी कागदावर उतरवलं नव्हतं. सगळं तोंडपाठ होतं, आणि आता तोंडच बंद पडलं होतं. वखार ती सांभाळायची आणि रस्ता तो, अशी त्यांची वाटणी होती. तिने त्याला एकदा भाव विचारून पाहिले होते. त्याने तोंड उघडलं, एकच अक्षर पाच-सहा वेळा बाहेर आलं, आणि मग त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. पुन्हा विचारायचा धीर तिला झाला नाही. पण वखारीत माल पडून होता आणि घरात औषधं संपत आली होती. शेवटी नणंदेला त्याच्यापाशी बसवून ती गाडीत चढली होती.

चारशेला ती हो म्हणाली. माल काट्यावर चढला, उतरला. ती पुन्हा गाडीत बसली तेव्हा दिवस नुकता कुठे वर आला होता आणि तिची पाठ आत्ताच भरून आली होती.

पुढे उतारावरची तीन गावं लागली. तिथे जंगल जवळ, त्यामुळे लाकूड स्वस्त. ज्यांच्याने गोळा करणं होत नाही तेवढेच विकत घेत, आणि तेही मोळीवर. एका घरी मोळी तीसला म्हणाले. शेजारच्या घरी पंचवीसला. तिसऱ्या घरच्या बाईने तर पाच मोळ्यांवर एक फुकट मिळायची असं छातीठोकपणे सांगितलं. भांडायचं तर निदान आपली बाजू तरी माहीत हवी. तिने सगळ्यांना पंचवीसने दिलं आणि फुकटची मोळीही देऊन टाकली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुपारनंतर गाडी चढाला लागली. वर पठारावर झाड असं नव्हतंच. नुसता वारा, दगडी घरं आणि घरांच्या पाठीशी भिंतीला लावलेल्या लाकडाच्या राशी. इथे वजन नाही, मोळी नाही. काठीच्या मापाने कमरेइतकी उंच आणि दोन्ही हात पसरले की भरेल एवढी लांब रास रचून द्यायची, आणि राशीचा भाव घ्यायचा. पहिल्या घराने दोनशे साठ सांगितले. दुसऱ्या घरानेही, पहिल्याला न विचारता, दोनशे साठच सांगितले. दिवसभरात पहिल्यांदा तिला हायसं वाटलं.

शेवटचं घर रस्ता संपतो तिथे होतं. तिथे लोकर रंगवणारी एक वयस्कर बाई एकटीच राहायची. अंगणात दोन मोठे हंडे उकळत होते आणि बाईचे हात मनगटापर्यंत निळे होते. ती गाडीच्या खिडकीशी आली, आत पाहिलं आणि नेहमीचा माणूस का नाही म्हणून विचारलं. हिने सांगितलं.

"कुठला हात गेला?"

"उजवा. आणि बोलणं."

रंगारणीने भिंतीजवळची जागा दाखवली आणि हंड्याखालचा जाळ सारखा करायला वाकली. रास रचून झाल्यावर भाव विचारला, तेव्हाही ती पाठमोरीच होती.

"तीनशे वीस. ते तेवढेच घ्यायचे."

कपाळावरचा घाम पुसता पुसता हिचा हात थांबला. तिने त्या घराकडे पाहिलं. दारात चपलांचा एकच जोड होता, तोही दोऱ्याने शिवलेला. तिने पैसे घेतले, पण मान वर करून घेता आले नाहीत.

परतीच्या वाटेवर तिने ते पैसे पुन्हा मोजले. नवऱ्याचा तापटपणा तिला माहीत होता, त्याचं घोरणं माहीत होतं, नातेवाईकांसमोर बढाया मारणंही. पण रस्त्याच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या बाईकडून तो साठ जास्त घेत असेल, हे तिला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर तिने हातपाय धुतले, नणंदेला मोकळं केलं आणि नवऱ्याला चमच्याने दूध भरवायला बसली. विचारायचं नाही असं तिने गाडीतच ठरवलं होतं. पण थकलेल्या माणसाची जीभ ताब्यात राहत नाही.

"त्या रंगारणीकडून तीनशे वीस घेत होतात तुम्ही?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने आकडा पुन्हा सांगितला. त्याने इतक्या जोरात मान हलवली की दूध उशीवर सांडलं. मग पांघरुणातून डावा हात बाहेर आला. दोन बोटं. हात मिटला, पुन्हा उघडला. पाच बोटं, आणि मग एक.

"दोनशे साठ? तिलाही?"

त्याने मान डोलावली.

तिने वाटी खाली ठेवली आणि उशीवरचं दूध पदराने पुसलं. मग तिने बेकरीचं विचारलं. पाच बोटं वर झाली, मग दोन. बेकरीवाल्याने चारशेच दिले म्हटल्यावर त्याच्या अर्ध्या तोंडातून एक लांबलचक आवाज निघाला. तो शिव्या घालतोय हे तिच्या जरा उशिरा लक्षात आलं. मग एकेक घर, एकेक बोट करत ते दोघं त्याचा हात दमून गळेपर्यंत सगळा रस्ता फिरून आले.

तीन आठवड्यांनी गाडी पुन्हा निघाली. बेकरीपाशी ती खाली उतरलीच नाही. पाचशे वीस, एवढंच म्हणाली. बेकरीवाला ओलीबद्दल बोलत राहिला. तिने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. फाटकापर्यंत पोचायच्या आत मागून हाक आली.

पठारावर शेवटच्या घरी हंडे उकळत होते. आज हात लाल होते.

"भाव तोच ना, तीनशे वीस?" रंगारणीने विचारलं.

"तोच."

तिने पदर खोचला. जाड लाकडं खाली, सालीची बाजू वर, फटींत बारीक काटक्या. वखारीत ती हेच करत आली होती. रास काठीच्या वर वीतभर गेली, आणि लांबीलाही हातभर वाढली. रंगारीण जवळ येऊन उभी राहिली.

"जरा मोठी झाली का?"

"मला अजून रचायचं नीट जमत नाही," ती म्हणाली. "अंदाज चुकतो."

रंगारणीने राशीवर लाल तळवा टेकवला आणि जोर देऊन ढकलून पाहिलं. एक काटकीही हलली नाही.

"जमेल हळूहळू," ती म्हणाली, आणि पैसे आणायला आत गेली.