जित्या माणसाची तिरडी

मी तिरडी बोलतेय. दचकू नका, मी कुणाला न्यायला आलेली नाही. खरं सांगायचं तर आजवर मी एकालाही नेलेलं नाही, आणि तेच माझं दुखणं आहे.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीकाठी आमचं गाव. एकोणसाठ साल होतं. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा होणार, मग हद्दीवरची गावं कुणाची, यावर रोज कुठे ना कुठे सभा. आमच्या चौकातही बाहेरगावचा एक वक्ता आला. आई, दूध आणि रक्त, याखेरीज त्याच्या तोंडात चौथा शब्द नव्हता.

रूपचंद उभा राहिला. कापूस पिकवणारा साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हात जोडून म्हणाला, "मी इतलंच इचारस, साहेब. मधमा हद्द पडनी तर तिकडे देल आपल्या पोरी माहेरले कशा येतीन? आपला कापूस कोठे जाई?"

वक्त्याने उत्तर दिलंच नाही. लोकांकडे वळून ओरडला, "बघा, बघा! हा आईच्या दुधाचा भाव विचारतोय! असला लेक जिवंत असून मेलेला!"

झालं! टाळ्यांचा नुसता कडकडाट. अहो, ज्यांच्या स्वतःच्या लेकी पलीकडे दिलेल्या, तेही वाजवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला तरणा धुडकू आणि त्याचं टोळकं नथ्थूकडे आलं. गावात कुणीही गेलं की तिरडी नथ्थूच बांधायचा. तो म्हणाला, "अरे, जिता माणूसनी तिरडी कोनी बांधस का?"

"नथ्थूबा, हाई नुसतं नाटक शे. का तू बी त्या गद्दारना शे?"

तो एक शब्द कानावर पडला आणि नथ्थूने कोयता उचलला. त्याने बांबू तोडले, सुतळीने आवळले. अशी मी जन्माला आले, भीतीपोटी.

माझ्यावर कडब्याचा माणूस निजवला. रूपचंदचं पागोटं कुंपणावर वाळत होतं, ते उचलून त्याला बांधलं. पुढे मडकं, मागे "राम बोलो भाई राम!" आणि मधूनमधून रूपचंदच्या नावाने बोंबा. हसत-खिदळत आम्ही त्याच्या दारापाशी आलो.

त्याची बायको तापीबाई तेवढ्यात शेतातून येत होती. तिने नाव ऐकलं, पागोटं पाहिलं. डोक्यावरचं गाठोडं टाकून ती उंबऱ्याशी बसली आणि दोन्ही हात दगडावर आपटले. बांगड्या फुटल्या. मनगटातून रक्त आलं. "मना धनी गया रे!"

रूपचंद आतून धावत आला. "तापी! अवं, मी जिता शे! देख माले!"

पोरं मला तिथेच टाकून पळाली. मला जाळायला कुणी धजलं नाही, सुतळी सोडायलाही नाही. शेवटी चावडीच्या मागे नेऊन टेकवली.

संध्याकाळी तापीबाईने नव्या बांगड्या भरल्या. पण नवऱ्याच्या नावाने फोडलेल्या बांगड्या! गावातल्या बायकांना धास्ती बसली. लग्नकार्यात तिला वगळायला लागल्या. कुंकवाचा करंडा तिच्यासमोरून पुढे सरकायचा. ती बिचारी मान खाली घालून बसायची, मग तिने जाणंच सोडलं. नवरा घरात जिवंत, आणि हिच्या वाट्याला असं जिणं! मी लाकूड आहे, तरी मला ते बघवत नव्हतं.

काही महिन्यांनी हद्दीची चौकशी करायला एक अधिकारी चावडीवर आले. "तुमची काय अडचण आहे, सांगा," म्हणाले. आता सगळ्यांना आपापल्या लेकी आठवल्या; बोलायची हिंमत मात्र कुणाला होईना. भीती एकच, आपल्यालाही कुणी गद्दार म्हटलं तर? धुडकूच रूपचंदला म्हणाला, "काका, तुम्ही बोला ना. तुमले समजस."

रूपचंद सावकाश उठला. "पहिले मन्ही बायकोले हयद-कुंकूले बलावा. मंग मी जिता व्हसू. मंग बोलसू."

घरी बायकोला तसा निरोप द्यायला एकही जण उठला नाही. धुडकू पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. अधिकाऱ्यांनी चहा घेतला आणि ते निघून गेले.

आज माझे बांबू वाळवीने पोखरलेत, फार दिवसांची सोबत नाही. जाता जाता एवढंच मागते. सभेत कुणी उठून काही विचारलं, तर त्याला शिवी देण्याआधी उत्तर द्या हो. हद्द पडून गेली. तापीबाईला अजून कुणी बोलावलेलं नाही.