पहिला दोना

फागू मडावी फार चांगला माणूस होता, आणि मला फार चांगल्या माणसांची चीड येते. नागझिऱ्याच्या वाटेवर आमचं रिसॉर्ट आहे. तिथे फागू बारा वर्षं पाहुण्यांची जिप्सी चालवत होता आणि मी ऑफिस सांभाळत होतो. मुख्य ड्रायव्हरची जागा रिकामी झाली तेव्हा ती फागूचीच, असं सगळे धरून चालले होते. त्या भरवशावर त्याने लग्नही ठरवलं. माझा भाचा टिंकू आमच्याकडे गाडीवर लागून दोनच वर्षं झाली होती, पण त्याचाही डोळा त्याच जागेवर होता. बहीण फुलचूरहून रोज फोन करून माझं डोकं खायची.

लग्नाच्या जेवणाला फागूने सगळ्या स्टाफला बोलावलं, मालक केशोराव शेठनाही. दोन दिवस आधी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"प्रफुलभाऊ, आमच्यात दोन्यातले चार थेंब पुरखायच्या नावानं सांडतेत, मंग दोना मोठ्या पाहुण्याले देतेत. मोहाची राहते. शेठले चालंन का? नाही तं माय पाण्याचा दोना देईल."

शेठच्या गळ्यात तुळशीची माळ. ड्रायव्हरच्या तोंडाला वास आला तर त्याच दिवशी घरी. फागूला हे माहीत होतं, म्हणूनच तो विचारत होता.

"पाणी कायले देतेस?" मी म्हणालो. "त्याले अपमान वाटंन. रीत आहे तं रीतच कर. बिनधास्त दे."

"बरं झालं तुमाले विचारलं," तो म्हणाला. इतक्या लवकर विश्वास ठेवणाऱ्या माणसाचं काय करायचं?

मांडव जांभळीच्या डहाळ्यांचा होता. स्टाफला प्लास्टिकच्या खुर्च्या, घरचे सगळे खाली चटईवर. शेठ आले, मधल्या खुर्चीवर बसले. फागूची म्हातारी माय, मंगली, दोन्ही हातांत पळसाच्या पानांचा दोना धरून आली. चार थेंब जमिनीवर सोडले, गोंडीत कुणाकुणाची नावं घेतली आणि दोना शेठपुढे धरला.

शेठनी वास घेतला. "ये क्या है?"

"घरचीच आहे शेठ," नवरदेव हात जोडून हसत म्हणाला. "मायनं तुमच्यासाठी काढली."

शेठनी हात झटकला. दोना मंगलीच्या पायांवर सांडला. "घर में दारू बनती है, और तू मेरे मेहमानों की गाडी चलाता है?"

ढोल थांबला. शेठ उठले, त्यांच्यामागे मीही उठलो. कुणीतरी शेठसोबत जायला हवंच होतं. नवरीने फागूला हळूच काही विचारलं, तो तिच्याकडे न बघता आमच्या गाडीकडेच बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी शेठनी लेखी खुलासा मागितला. फागू हळदीच्या अंगाने ऑफिसात आला.

"तुमीच लिहा भाऊ. तुमाले शेठचा स्वभाव माहीत आहे."

मी दिलेल्या सल्ल्याचं तो काढेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्याने काढलंच नाही. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: आमच्या घरी दारू गाळली जाते व मीही ती पितो. मला कामावरून कमी केल्यास माझी तक्रार राहणार नाही.

त्याने कागद हातात घेतला, वर आपलं नाव पाहिलं आणि खाली सही केली.

"वाचून तरी घे."

"तुमी लिहिलं म्हणजे बराबरच असंन." दारापर्यंत जाऊन तो वळला. "भाऊ, काल तुमी उपाशी गेले. माय सकाळपासून म्हणून राहिली, पाहुणा जेवल्याबिना गेला म्हणून. इतवारी या."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. एकदा तरी विचार ना लेका, काऊन केलं म्हणून. तो पायऱ्या उतरून गेला. मी कागदाची घडी नीट केली आणि शेठच्या टेबलावर नेऊन ठेवली.