न पाठवलेली सूचना

डेस्मंड आमच्या ऑफिसात आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. त्या दुखण्याला दुसरं गोंडस नाव देत बसत नाही. चोपन्न वर्षांची मी, लॉर्ना ट्वाइट, एकोणतीस वर्षांच्या पोरावर जळत होते. त्याच्या हसण्यावर जळत होते, तो दर शुक्रवारी घरून करून आणायचा त्या लिंबाच्या वड्यांवरही जळत होते. त्या वड्या चांगल्या असायच्या, हे आणखी वाईट.

अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका सायकलच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. आम्ही सहा जण मिळून उन्हाळी शिबिरांच्या नावनोंदणीची साइट चालवतो. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी सकाळी नऊला नोंदणी उघडते आणि सव्वानऊपर्यंत तळ्याकाठची चांगली शिबिरं भरलेली असतात. आईबाप फॉर्म अर्धा भरून उठतात. कुणाला लसीचा कागद सापडत नाही, कुणाचं इंटरनेट जातं. परत आल्यावर त्यांचं अर्धवट लिहिलेलं जागच्या जागी मिळावं, ही सोय बारा वर्षांपूर्वी मी केली. आमच्या साइटवर लिहिलेलं एक अक्षर हरवत नाही, असं शिबिरवाले एकमेकांना सांगायचे. ऑफिसात माझी किंमत होती ती त्यामुळेच.

तीच सोय बेव्हने डिसेंबरात डेस्मंडला नव्याने लिहायला दिली.

"अगं, जुनी झाली ती," बेव्ह मला म्हणाली. ती आमची मालकीण. "तू बारा वर्षं सांभाळलीस. आता जरा मोकळी हो."

मोकळी! उन्हाळ्यापासून बेव्ह आठवड्यातून दोनच दिवस येणार होती, आणि मागे कामाचा प्रमुख कोण, हे मार्चमध्ये ठरणार होतं. नावं दोनच होती, माझं आणि त्याचं. कोण कुणाला मोकळं करतंय ते मला बरोबर कळत होतं.

आमच्याकडे कुणाचंही काम दुसऱ्याने वाचून 'मान्य' केल्याशिवाय साइटवर चढत नाही. वाचणाऱ्याने चूक दिसली तर त्या ओळीखाली सूचना लिहायची. डेस्मंडची एक सवय मला फार खुपायची. प्रत्येक सूचनेखाली तो न चुकता 'धन्यवाद, लॉर्ना' लिहायचा. चौदा सूचना केल्या तर चौदा वेळा. मी मुद्दाम खुसपट काढलं तरी धन्यवाद! एकदा तरी चिडावं ना माणसाने.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी त्याचं काम माझ्यापुढे आलं. कोड सुंदर होता. माझ्या नऊशे ओळींचं काम त्याने दोनशेत केलं होतं. वाचताना माझा जळफळाट होत होता, आणि तेवढ्यात मला ती ओळ दिसली.

सर्व्हरवर गोष्टी ठेवायच्या दोन जागा असतात. एक सगळ्यांची मिळून, म्हणजे शिबिरात किती जागा उरल्या, असल्या गोष्टींसाठी. दुसरी ज्याची त्याची, प्रत्येक येणाऱ्यासाठी वेगळी. डेस्मंडने अर्धवट फॉर्म ठेवला होता सगळ्यांच्या जागेत. पाहुण्यांनी आपापले कोट खुंट्यांवर न लावता एकाच पलंगावर टाकावेत, तसं. एकटाच पाहुणा आला तर काही बिघडत नाही, जाताना त्याला त्याचाच कोट मिळतो. डेस्मंडने तपासलं होतं एकट्याने बसून, म्हणून त्याला सगळं बरोबर दिसलं होतं. सोमवारी नऊला चार हजार माणसं एकदम येणार होती.

मी लगेच लिहायला घेतलं: 'हे सगळ्यांच्या जागेत जातंय. दोघं एकदम आले तर एकाचा फॉर्म दुसऱ्याला दिसेल. असं सोडू नको.'

तेवढ्यात पलीकडे बेव्ह खो खो हसली. ती डेस्मंडच्या टेबलाच्या कडेवर बसली होती. माझ्या टेबलावर ती बारा वर्षांत कधी बसली नव्हती.

"दोनशे ओळी!" ती म्हणत होती. "अरे, मग इतकी वर्षं आम्ही काय दळत बसलो होतो?"

"लॉर्नाने पाया घातला म्हणून दोनशेत झालं," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने माझी बाजू घ्यावी, इतकी का मी पडले होते? मी सूचना पाठवलीच नाही. ते पान तसंच सोडलं, यादीवर परत गेले आणि त्याच्या कामापुढे 'मान्य' दाबलं. सोमवारी तासभर गोंधळ उडेल, बेव्हच्या डोक्यात प्रकाश पडेल, मग मीच ते निस्तरीन, एवढंच माझ्या मनात होतं. कुणाचं काय होईल याचा विचार मी केला नाही. खरं सांगायचं तर मला करायचाच नव्हता.

सोमवारी नऊ वाजून तीन मिनिटांनी पहिला फोन आला. साडेनऊला बेव्हने साइट बंद केली. अर्ध्या तासात काय व्हायचं ते होऊन गेलं होतं.

जवळच्या क्लोके गावातल्या एका बाईचा दुपारी फोन आला. तो मी घेतला. आजाराच्या रकान्यात तिने आपल्या अकरा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलं होतं: 'रात्री अजून अंथरूण ओलं करते, कृपया कुणाला कळू देऊ नका.' ते नेमकं दिसलं मुलीच्याच वर्गातल्या एका मुलाच्या घरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या वर्गाला कळलं होतं.

"ती शाळेच्या बाथरूममध्ये कडी लावून बसलीय," बाई म्हणाली. ती ओरडत नव्हती. "तुम्ही तपासत नाही का हो काहीच?"

"तपासतो," मी म्हणाले.

बुधवारी सगळे मोठ्या टेबलाभोवती बसलो. अशा बैठकीचा आमचा नियम आहे, कुणी केलं ते विचारायचं नाही, कसं झालं तेवढंच विचारायचं. डेस्मंड दोन दिवस जेवला नसावा. लिंबाच्या वड्या अर्थातच नव्हत्या.

"चूक माझी," तो म्हणाला. "लॉर्नाला यात ओढू नका. ओळ दिसायला अगदी बरोबर होती. कुणाच्याही नजरेतून सुटली असती."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. मी कॉफीचा कप फिरवत बसले.

"बरं," बेव्ह म्हणाली. "लॉर्ना, ती ओळ भिंतीवर दाखव, म्हणजे सगळ्यांना कळेल."

मी लॅपटॉप जोडला. मंगळवारनंतर ते पान मी उघडलं नव्हतं, उघडायची हिंमतच नव्हती. पान भिंतीवर आलं. ती ओळ आली, आणि ओळीखाली एक पिवळी चौकट आपोआप उघडली.

'तुमचं लिहिणं अर्धवट राहिलं होतं. मंगळवार, सकाळी १०.४२.'

खाली माझी तीन वाक्यं होती, एकही अक्षर न हरवता. कोड वाचायची ही साइटसुद्धा मीच बांधली होती, आणि तीच सोय तिच्यातही घातली होती. त्यापुढे नोंद होती: 'मान्य: लॉर्ना. मंगळवार, सकाळी १०.४६.'

खालच्या दुकानात कुणीतरी सायकलची घंटा वाजवून बघत होतं.

बेव्हने भिंतीवरची नोंद वाचली. "कसं झालं?" तिने विचारलं. नियमाप्रमाणेच विचारलं, पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मला दिसलं होतं," मी म्हणाले. "तू त्याच्या टेबलावर बसून हसत होतीस. मला सहन झालं नाही. मी दाबून टाकलं."

चौकटीखाली दोन बटणं होती, 'पुसा' आणि 'पाठवा'. मी 'पाठवा' दाबलं.

डेस्मंडचा लॅपटॉप टिंग वाजला. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत असूनही त्याने ती सूचना आपल्या स्क्रीनवर उघडली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. उत्तराची जागा उघडून तो थोडा वेळ बसला. मी भिंतीवर त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

मग त्याने लॅपटॉप मिटला. या वेळी त्याने खाली काहीच लिहिलं नाही.